चार बिंदूंचं यान

माझी चित्रकला हा आमच्या घरातला जुना, झिजलेला विनोद आहे. लहानपणी मी काढलेल्या हत्तीला सगळ्यांनी एकमताने सोफा ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर सोफा म्हणून तो वाईट नव्हता. त्यामुळे गेम करायची हुक्की जेव्हा जेव्हा आली, तेव्हा अडचण तीच उभी राहिली: कोड मी लिहीन, पण चित्रं कोण काढणार?

दिवसभर मी पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळते. कपाती, थकबाकी, रजेचे हिशेब. स्क्रीनवर काही हलताना दिसलं तर ते बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. रात्री एखादा छोटासा गेम करावा, एक यान, चार दगड, गोळ्या, बास, एवढीच इच्छा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, त्यात गेम लिहायची पायगेम ही लायब्ररी बसवायला दहा मिनिटं लागली. मग पुढचे चार महिने मी फुकट मिळणारी चित्रं शोधण्यात घालवले. यान एकीकडून घेतलं, ते काचेसारखं चकचकीत. दगड दुसरीकडून, ते लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखे गोबरे. गोळ्या तिसरीकडून, त्यांचे पिक्सेल मोजता येतील इतके मोठे. सगळं एकत्र स्क्रीनवर आणलं की तीन वेगळ्या लग्नांतले पाहुणे एका फोटोत उभे केल्यासारखं दिसायचं. 'चित्रं_नवीन', 'चित्रं_अंतिम', 'चित्रं_अंतिम_२' असे फोल्डर वाढत गेले. गेमच्या फाइलमध्ये मात्र साठ ओळी होत्या, त्यातल्या वीस चित्रं लोड करायच्या.

सुटका केली ती भाचीने. ती बारा वर्षांची, मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचमध्ये तासन्‌तास रमणारी. एकदा तिच्या शेजारी बसले असताना ती स्क्रॅचमधल्या त्या नारिंगी मांजराचा कान ओढत होती. कॉश्च्यूमच्या, म्हणजे पात्राच्या चित्राच्या, एडिटरमध्ये कानाच्या कडेवर बारीक ठिपके दिसत होते. एक ठिपका धरून वर नेला की कान सशासारखा लांब व्हायचा.

"हे काय करतेयस?"

"मावशी, हे चित्र नाहीये गं. हे ठिपके आहेत. ठिपके हलवले की चित्र आपोआप बदलतं."

मी तिला व्हेक्टर म्हणजे काय ते समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने एका वाक्यात सांगितलं होतं. मला हे माहीतच होतं, पण त्याचा माझ्या अडलेल्या गेमशी काही संबंध आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. पिक्सेलचं चित्र म्हणजे कुठल्या चौकटीत कुठला रंग याची भली मोठी यादी. व्हेक्टर म्हणजे 'इथून तिथे रेघ ओढ' अशी सूचना. आणि सूचना लिहिणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. हत्ती जमत नसेल, बिंदूंची यादी तर जमेल?

त्या रात्री कागदावर दोन अक्ष आखले आणि यान काढलं. नाक (१५, ०). एक पंख (−१०, −८). मागची खाच (−६, ०). दुसरा पंख (−१०, ८). चार बिंदू, आठ आकडे. पायगेमच्या पॉलिगॉन, म्हणजे बहुभुज, काढणाऱ्या फंक्शनला ती यादी दिली, रंग पांढरा, जाडी २. काळ्या पार्श्वभूमीवर एक टोकदार यान उभं राहिलं. चार महिन्यांत जे झालं नाही ते पाच मिनिटांत झालं, आणि मुख्य म्हणजे ते सोफ्यासारखं दिसत नव्हतं.

नाक उजवीकडे का, तर शून्य अंशाचा कोन उजवीकडे बघतो म्हणून. मी आधी नाक वर काढलं होतं आणि यान खेकड्यासारखं आडवं चालत होतं. भाची यावर वैतागली, कारण स्क्रॅचमध्ये शून्य म्हणजे वर आणि ९० म्हणजे उजवीकडे. शिवाय तिच्या स्क्रॅचमध्ये आरंभबिंदू (०, ०) मंचाच्या मधोमध, वाय वर वाढतो, मंच ४८० बाय ३६०. पायगेममध्ये आरंभबिंदू डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतो. शाळेच्या आलेखाला सरावलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकदा भिंतीवर चिठ्ठी लावून टाकायची आणि पुढे जायचं.

अशा रेघांच्या गेमना एक खानदानही आहे, ते कळल्यावर माझी भीड चेपली. १९५८ साली विल्यम हिगिनबोथम यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर टेनिसचा खेळ केला होता: एक आडवी रेघ म्हणजे मैदान, एक छोटी उभी म्हणजे जाळी, आणि एक ठिपका. १९६२ मध्ये एमआयटीतल्या पीडीपी-१ संगणकावर स्पेसवॉर हा यानांच्या लढाईचा खेळ आला. आणि १९७९ मध्ये अटारीचा अ‍ॅस्टेरॉइड्स, ज्याची मी सरळसरळ नक्कल करत होते. नाणं टाकून खेळायच्या त्या यंत्राच्या पडद्यावर पिक्सेल नव्हतेच. जुन्या पद्धतीच्या साध्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ पडदा सारवत जायचा. इथे तो झोत थेट रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, पेन चालवावं तसा. म्हणून त्या रेघा इतक्या धारदार दिसतात आणि म्हणूनच पार्श्वभूमी काळी: जिथे झोत गेलाच नाही तिथे उजेड नाही. आत १.५ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर. मोठा दगड फोडला की २० गुण, मधला ५०, छोटा १००. दगडांचे आकार मोजके, तेच तीन मापांत वापरलेले. हे वाचल्यावर मी 'चित्रं_अंतिम_२' पुसून टाकलं.

यान दिसलं, आता वळवायचं. इथे त्रिकोणमिती लागते, आणि इथेच बरेच नवशिके काढता पाय घेतात, म्हणून जरा थांबते. सूत्र एवढंच: नवा एक्स म्हणजे जुना एक्स गुणिले कोसाइन, वजा जुना वाय गुणिले साइन. नवा वाय म्हणजे जुना एक्स गुणिले साइन, अधिक जुना वाय गुणिले कोसाइन. पाठ करू नका, एकदा हाताने करून बघा. कोन ३० अंश घेतला तर कोसाइन ०.८६६ आणि साइन ०.५. नाक (१५, ०) होतं, ते (१२.९९, ७.५) झालं. पंख (−१०, −८) होता, तो (−४.६६, −११.९३) झाला. मग यान स्क्रीनवर जिथे असेल ती जागा, समजा (४००, ३००), प्रत्येक बिंदूत मिळवायची. नाक गेलं (४१२.९९, ३०७.५) वर. भाचीने हे चारही बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून पेन्सिलीने जोडले आणि आधीच्या यानाशेजारी तिरकं यान उमटलं, तेव्हा तिने "अय्या" म्हटलं. मी मनातल्या मनात म्हटलं. शाळेत याच साइन-कोसाइनने मला दोनदा रडवलं होतं. यानाचं नाक फिरवायला उपयोगी पडतात असं तेव्हा कोणी बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

कागदावर जमलं म्हणजे स्क्रीनवर जमलं असं नाही. माझ्या चुका क्रमाने सांगते, कारण त्या मजेशीर होत्या.

पहिली चूक: बाण दाबला की ३ अंश वळावं म्हणून मी ३ दिले. पायथनच्या साइन-कोसाइनला रेडियन लागतात, हे कोन मोजायचं दुसरं एकक, आणि ३ रेडियन म्हणजे जवळजवळ १७२ अंश. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र उमटताना, यान जवळपास उलटं व्हायचं. स्क्रीनवर एकाच जागी, विरुद्ध दिशांना तोंड केलेली दोन यानं लुकलुकत मागे फिरताना दिसत होती. भाचीला ते फार आवडलं, काढू नको म्हणाली. काढलं.

दुसरी: आधी जागा मिळवली आणि मग फिरवलं. सूत्र बिचारं आरंभबिंदूभोवती फिरवतं, आणि यान होतं (४००, ३००) वर, म्हणजे कोपऱ्यापासून बरोबर ५०० पिक्सेल लांब. डावा बाण दाबताच ते कोपऱ्याला दोरीने बांधल्यासारखं भलं मोठं वर्तुळ घेत स्क्रीनबाहेर गेलं आणि काही वेळाने दुसऱ्या बाजूने परत आलं. आधी लहान-मोठं करा, मग फिरवा, शेवटी जागेवर न्या. हा क्रम मला आता झोपेत विचारला तरी सांगता येईल.

तिसरी चूक मात्र मी तीन रात्री शोधत होते. उजवा बाण दाबला की यान वळायचंच नाही. ते आकसायचं. नाक आत, पंख आत, आणि क्षणात एक ठिपका. मला वाटलं कुठेतरी चुकून लहान करण्याचा गुणक बसलाय. शेवटी कागद घेऊन बसले. मी प्रत्येक फ्रेमला फिरवलेले बिंदू त्याच यादीत परत ठेवत होते, आणि 'पिक्सेल काय अर्धा असतो का' अशा शहाणपणाने त्यांचे पूर्णांक करून ठेवत होते. आता बघा. नाक (१५, ०) तीन अंशांनी वळलं की (१४.९८, ०.७९) होतं. पायथनचं इंट दशांश कापून टाकतं, राहिलं (१४, ०). पुढच्या फ्रेमला (१३.९८, ०.७३), कापलं, (१३, ०). वळण दर वेळी कापलं जात होतं आणि लांबी दर वेळी एकने कमी होत होती. पंधरा फ्रेममध्ये नाक केंद्रात. पंखांचा हिशेब केला तर ते १८ व्या फ्रेमला पोचतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सगळं यान ०.३ सेकंदात शून्यात जमा.

दिवसभर दुसऱ्यांच्या पगारातले पैसे कुठे कापले जातात ते शोधणाऱ्या बाईने ही चूक करावी, हे मी ऑफिसात कोणालाही सांगितलेलं नाही.

उपाय साधा आहे. मूळ चार बिंदूंना कधी हात लावायचाच नाही. ती यादी मूळ कागदपत्रासारखी जपायची. यानाजवळ फक्त कोन आणि जागा ठेवायची, आणि दर फ्रेमला मुळापासून नव्याने फिरवून काढायचं. कापाकापी केली नाही, पूर्ण दशांश ठेवले, तरी त्याच त्याच बिंदूंना पुन्हा पुन्हा फिरवलं की बारीक चुका साठत जातातच. पिक्सेलच्या चित्रांनाही हाच नियम लागू आहे, तिथे तर जास्तच: पायगेममध्ये फिरवलेलंच चित्र पुन्हा फिरवत राहिलं तर दर फेरीला त्याची चौकट फुगते आणि चित्र बिघडत जातं.

दगडांचं काम सोपं गेलं. पहिल्यांदा मी बारा बिंदू कसेही, यादृच्छिक घेतले आणि जोडले. गुंतलेला लोकरीचा गुंडा मिळाला. मग युक्ती वापरली: वर्तुळावर दर ३० अंशाला एक, असे बारा बिंदू घ्यायचे, आणि प्रत्येकाची त्रिज्या ४० च्या ०.७ ते १.२ पटींत कुठेतरी पडू द्यायची. कोन क्रमाने वाढत असल्यामुळे रेघा एकमेकींना कधीच ओलांडत नाहीत, आणि दगड दर वेळी वेगळा, खडबडीत. इथेही गंमत झाली. त्रिज्या ठरवणारी ओळ मी चुकून दर फ्रेमला चालवत होते, त्यामुळे दगड उकळत्या पाण्यासारखे खदखदत होते. तो परिणाम मी जपून ठेवलाय; पुढे एका पातळीवर 'वितळलेले' दगड येतात ते हेच.

ज्या गोष्टीसाठी मी व्हेक्टरच्या प्रेमात पडले ती म्हणजे यान फुटणं. चित्राचा स्फोट दाखवायचा तर वेगळी चित्रं लागतात, आठ-दहा फ्रेमची. माझ्याकडे चार रेघा होत्या. यान आपटलं की पॉलिगॉन काढणं बंद करायचं, चारही बाजू सुट्या करायच्या, प्रत्येकीला तिचा वेग आणि तिची गिरकी द्यायची. बस. दीड सेकंद चार काड्या गोल गोल फिरत अंधारात लांब जातात. अठरा ओळींचं काम. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी मुद्दाम वीसेक वेळा मेले. मागची ज्योतही तशीच: खाचेपाशी एक छोटा त्रिकोण, एक फ्रेम दाखवायचा, एक फ्रेम नाही. डोळ्याला तो फडफडल्यासारखा दिसतो. कोपऱ्यात उरलेल्या यानांची संख्या दाखवायची तर तीच यादी ०.६ ने गुणायची. वेगळं चित्र नाही, धूसरपणा नाही. फक्त रेघेची जाडी गुणायची नाही, ती आहे तेवढीच ठेवायची.

मग आली टक्कर, आणि भाचीची तक्रार.

"मावशी, लागलंच नव्हतं! मी बघितलं!"

"लागलं असेल गं."

"नव्हतं लागलं."

सगळीकडे सांगतात तशी मी वर्तुळाची टक्कर लावली होती. यानाभोवती १५ त्रिज्येचं वर्तुळ, दगडाभोवती ४८ चं, केंद्रांमधलं अंतर दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी झालं की मेलो. तिचं समाधान करायला मी ती वर्तुळं लाल रंगात काढून दाखवली आणि स्वतःच गप्प झाले. यानाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०७, आणि आतल्या यानाचं १६८. चौथ्या हिश्शाहून कमी. म्हणजे तीन चतुर्थांश जागेत पोरगी विनाकारण मरत होती.

चित्र असतं तर इथे मला चित्राबाहेरची एखादी वेगळी चौकट आखावी लागली असती, आणि चित्र बदललं की ती पुन्हा जुळवावी लागली असती. पण माझ्याकडे बिंदू होतेच! जे आकडे यान काढतात तेच आकडे टक्कर तपासू शकतात. यानाची प्रत्येक बाजू दगडाच्या प्रत्येक बाजूला छेदते का ते बघायचं: चार गुणिले बारा, ४८ तपासण्या. वर्तुळाची तपासणी काढून टाकली नाही, तिला दारावर उभं केलं. वर्तुळंच एकमेकांना शिवत नसतील तर पुढचं काही करायचं नाही. शिवली तरच बाजू मोजत बसायचं. आणि हो, अंतर तपासताना वर्गमूळ काढू नका, दोन्हीकडे वर्ग ठेवूनच तुलना करा.

गोळीसाठी वेगळी पद्धत आहे, ती मला फार सुंदर वाटते. गोळी म्हणजे एक बिंदू. त्या बिंदूपासून उजवीकडे एक काल्पनिक आडवी रेघ सोडायची आणि ती दगडाच्या किती बाजू ओलांडते ते मोजायचं. संख्या विषम, तर गोळी दगडाच्या आत. सम, तर बाहेर. दगडाला कितीही खाचाखोचा असू देत. भाचीने "यावर माझा विश्वास बसत नाही" म्हणत कागदावर एक अमिबासारखा आकार काढला आणि वीस ठिकाणी बोट ठेवून मोजलं. वीसच्या वीस बरोबर आले. एकदा बोट नेमकं कोपऱ्याच्या रेषेत आलं आणि आमचं भांडण झालं, की कोपरा एकदा मोजायचा की दोनदा. त्याचा नियम असा: बाजूचं एक टोक रेघेच्या वर आणि दुसरं रेघेवर किंवा खाली असेल, तेव्हाच ती बाजू मोजायची.

एवढं करूनही काही गोळ्या आरपार जात होत्या. गोळीचा वेग सेकंदाला ९०० पिक्सेल. ६० फ्रेमला एका फ्रेमचे १५. पण भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रेम ३० वर घसरल्या की एका उडीत ३० पिक्सेल, आणि सगळ्यात छोटा दगड २० पिक्सेल रुंद. गोळी एका फ्रेमला दगडाच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. आत ती कधी नव्हतीच. मग गोळीलाही रेघ मानलं, मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंत, आणि यानासाठी लिहिलेलं छेदण्याचं फंक्शन तिलाही लावलं. नवीन कोड तीन ओळी.

एक गैरसमज मी बरेच दिवस बाळगून होते, तो इथे सांगून टाकते. एसव्हीजी ही व्हेक्टर चित्रांची फाइल वापरली म्हणजे गेम व्हेक्टर झाला, असं नाही. पायगेम काय किंवा गोडो हे गेम बनवायचं साधन काय, एसव्हीजी सहसा आत घेतानाच तिचे पिक्सेल करून ठेवतात. त्यानंतर ती मोठी केली तर साध्या चित्रासारखीच पुसट होते. फाइल व्हेक्टर असते, स्क्रीनवर पोचेपर्यंत ती चित्र झालेली असते. त्यात वाईट काही नाही, फक्त आत घेताना हव्या त्या मापाची घ्या. आणि हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून आपोआप व्हेक्टर करणाऱ्या सोयींपासून जरा लांब राहा. मी माझा सोफा-हत्ती त्यातून काढून पाहिला. हजारो बिंदू निघाले, बहुतेक कागदाच्या डागांचे.

वक्रांच्या वाटेला मी उशिरा गेले. बेझिए वक्र हे नाव पिएर बेझिए यांच्यावरून आलं, रेनॉ या मोटार कंपनीत गाड्यांच्या पत्र्याचे वळसे आखण्यासाठी त्यांनी ते वापरात आणले. मला ते लागले शत्रूच्या तबकडीसाठी. सरळ रेषेत येणारी तबकडी कंटाळवाणी होती. चार बिंदू ठेवायचे: सुरुवात, शेवट, आणि मध्ये दोन जे वाटेला आपल्याकडे ओढतात. वाटेत किती पुढे आलोय ते ० ते १ मध्ये मोजायचं. लागोपाठच्या बिंदूंमध्ये तेवढ्या अंतरावर नवे बिंदू घ्यायचे: चाराचे तीन, तीनाचे दोन, दोनाचा एक. तो एक म्हणजे तबकडीची जागा. सूत्र माहीत नसलं तरी चालतं, नुसतं 'दोघांच्या मध्ये इतकं' हेच सहा वेळा करायचं.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. भाचीला यानाऐवजी मांजर हवं होतं. आम्ही प्रामाणिकपणे प्रयत्न केला. साठ बिंदू झाले, मिश्या सहा, आणि चेहरा एखाद्या रागावलेल्या कारकुनासारखा. शेवटी तिने १६ बाय १६ च्या चौकटीत ठिपके भरून वीस मिनिटांत जे मांजर काढलं ते कितीतरी जिवंत होतं. चेहरे, गवत, लाकूड, कापड, जिथे पोत महत्त्वाचा तिथे रेघा हरतात. पण पहिल्या गेममध्ये मांजर असायलाच हवं असं कुठे आहे? गेम पूर्ण झाला तर मांजर दुसऱ्यात येईल.

पायगेमबद्दल एक छोटी कुरकुर. जाड रेघा जोडताना ते कोपरे भरत नाही. टोकदार कोपऱ्यावर खाच पडल्यासारखं दिसतं. जाडी ४ असेल तर प्रत्येक बिंदूवर २ त्रिज्येचं एक भरीव वर्तुळ काढा, कोपरे गोलसर आणि नीट होतात.

परवा मी स्वयंपाकघरात असताना ती एकटीच खेळत होती. परत आले तर यानाचा आकार वेगळा. तिने कोड उघडून खाचेचा −६ खोडून ६ केला होता. वजाचं चिन्ह काढलं, एवढंच. पंख तेच, नाक तेच, पण खाच थेट पोटातून पुढे गेलेली, बूमरँगसारखी.

"असं का केलंस?"

"बघ ना." तिने यान थांबवलं आणि शेपूट एका छोट्या दगडाकडे केली. लहान पातळीवर आम्ही यान दुप्पट करतो, त्यामुळे दोन पंखांमध्ये बरीच जागा होती. दगड त्या फटीत शिरला, आत थोडा वेळ तरंगला आणि बाजूला न लागता तसाच परत बाहेर गेला. यान जिवंत. टक्करीच्या कोडला तिने हात लावला नव्हता; लावायची गरजच नव्हती.

"आता मी याला दात लावणार आहे," ती म्हणाली आणि यादीत नवा बिंदू लिहायला लागली.